विंडसर खुर्ची: ओल्या-सुक्या लाकडाचं गणित

जुनी अमेरिकन लाकडी खुर्ची पारखायची असेल तर आधी ती उलटी करावी. पाठीची कमान, हातांची वळणं, वरची चकाकी यांवर नक्कल करणाऱ्याने जीव ओतलेला असतो. बैठकीची खालची बाजू, पायांची टोकं आणि भोकांचे तळ इथे मात्र लाकूड स्वतः बोलतं. दोनशे-अडीचशे वर्षांत लाकूड कसं आणि किती आकसतं याचे नियम ठरलेले आहेत. त्या काळच्या कारागिरांना आकडे माहीत नव्हते, पण नियम हाताला पक्के ठाऊक होते, आणि त्याच नियमांवर त्यांनी खुर्चीचे सांधे बसवले. म्हणून ही खुर्ची समजून घ्यायची तर शैलींची नावं पाठ करण्याआधी लाकूड सुकतं कसं ते समजून घ्यावं.

अमेरिकन खुर्च्यांची घराणी बरीच आहेत. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडमध्ये जाड कातीव खांबांच्या आणि लव्हाळ्याने विणलेल्या बैठकीच्या खुर्च्या होत्या. त्यांतली ‘ब्रूस्टर’ खुर्ची सर्वांत प्रसिद्ध, ती मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या पिलग्रिम हॉल संग्रहालयात आहे. अठराव्या शतकात श्रीमंतांच्या दिवाणखान्यात क्वीन ॲन आणि चिपनडेल शैलीच्या अक्रोड आणि महोगनीच्या खुर्च्या आल्या. त्यांत फिलाडेल्फियाची खुर्ची ओळखण्याची एक जुनी खूण म्हणजे बैठकीच्या बाजूच्या पट्टीचा कुसू (भोकात बसणारं टोक) मागच्या पायातून आरपार गेलेला असतो आणि मागून त्याचं चौकोनी टोक दिसतं. एकोणिसाव्या शतकात कनेक्टिकटच्या लँबर्ट हिचकॉकने सुटे भाग कारखान्यात पाडून स्टेन्सिलने सोनेरी फुलंपानं छापलेल्या खुर्च्या घरोघरी पोचवल्या. शेकर पंथीयांनी न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट लेबनन इथून आडव्या पट्ट्यांच्या पाठीच्या हलक्या खुर्च्या ० ते ७ अशा क्रमांकांच्या आकारांत विकल्या. पण लाकडाची समज जिच्या अंगाअंगात दिसते ती खुर्ची एकच, विंडसर. पुढचं सगळं तिच्याविषयी.

विंडसर मूळची इंग्लंडची. अमेरिकेत तिचं पहिलं मोठं केंद्र फिलाडेल्फिया. तिथे १७४० च्या दशकापासून ती पद्धतशीरपणे बनू लागली. थॉमस गिलपिन हा सुरुवातीच्या कारागिरांपैकी, बैठकीच्या खाली तापल्या लोखंडाने आपलं नाव डागणारा. पुढे फ्रान्सिस ट्रंबल, जोसेफ हेन्झी अशी नावं येतात. पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट हाउसला, म्हणजे आजच्या इंडिपेंडन्स हॉलला, स्वातंत्र्ययुद्धाच्या वर्षांत ट्रंबलने विंडसर खुर्च्या पुरवल्या. थॉमस जेफरसनकडे बैठक गोल फिरणारी एक विंडसर होती, ती आज फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीकडे आहे. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९६ मध्ये माउंट व्हर्नन या आपल्या घरासाठी फिलाडेल्फियाच्या गॉ बंधूंकडून गोल पाठीच्या दोन डझन खुर्च्या घेतल्या. पण ही काही फक्त पुढाऱ्यांची खुर्ची नव्हती. खानावळी, बागा, सभागृहं, शेतकऱ्यांची स्वयंपाकघरं, सगळीकडे ती गेली. जहाजांत भरून ती दक्षिणेत चार्ल्सटनला आणि वेस्ट इंडीज बेटांवरही विकली जाई. स्वस्त, हलकी आणि दणकट असल्यामुळे.

बैठक हाच कणा

साध्या खुर्चीत मागचे दोन पाय सरळ वर जाऊन पाठ होतात. विंडसरमध्ये तसं नसतं. इथे एक जाड फळी मधोमध असते, खालून तिच्यात पाय घुसतात, वरून पाठीच्या दांड्या घुसतात, आणि खालचा भाग वरच्याला कुठेही भिडत नाही. बैलगाडीच्या चाकात तुंब्याचं जे काम, तेच इथे बैठकीचं: सगळे आरे त्याच्यातच रुतलेले.

त्यामुळे एकाच खुर्चीत तीन-चार प्रकारचं लाकूड लागतं, आणि प्रत्येकाला आपलं काम असतं.

बैठक मऊ लाकडाची. न्यू इंग्लंडमध्ये पांढरा पाइन, पेनसिल्व्हेनियात ट्यूलिप पॉप्लर, कनेक्टिकटच्या एबेनेझर ट्रेसीच्या कामात बरेचदा चेस्टनट. फळी साधारण ५० मिमी जाड आणि ४५ सेंमीच्या आसपास रुंद, शक्यतो अखंड. मऊ लाकूड घेण्याची कारणं साधी आहेत. बसण्यासाठी खोलगट खळगा कोरायचा तर मऊ लाकूड वाकसाखाली लोण्यासारखं सुटतं. शिवाय त्यात कडक लाकडाचा कुसू ठोकला की भोकाची कड थोडी दबून त्याला घट्ट धरते. पांढरा पाइन आकसतोही कमी.

पाय आणि त्यांच्यामधले आडवे दांडे मेपलचे. मेपलचे तंतू बारीक आणि एकसारखे, त्यामुळे कातकामात मण्यांची, सुरईची धारदार वळणं तुटत नाहीत. पाठीच्या दांड्या आणि कमान मात्र ओक, हिकरी किंवा ॲशची. या झाडांत वर्षाच्या वाढीची वर्तुळं ठळक असतात आणि लाकूड त्या रेषेत सरळ फाटतं.

फाटतं हा शब्द महत्त्वाचा. दांड्या करवतीने कापलेल्या नसतात, ओल्या ओंडक्यातून फाडलेल्या असतात. करवत रेषा पाहत नाही, ती सरळ जाते आणि वाटेत तंतू कापते. अशा दांडीत तंतू मध्येच बाजूला बाहेर पडतात आणि पाठ टेकली की ती तिथेच मोडते. फाडलेल्या दांडीत तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जातो. म्हणून वरच्या टोकाला जेमतेम १० मिमी जाडीची दांडी माणसाच्या पाठीचा भार घेते आणि थोडी लवतेही. विंडसरला टेकून बसताना जी मऊ उसळी जाणवते ती या लवण्याची.

फाडण्याची रीत अशी: ओंडका पाचरींनी अर्धा, मग पाव, मग आठवा भाग असा गाभ्यातून फोडत न्यायचा. पुढे फाडणीच्या लांब पात्याने, मागून मोगरीने ठोकत, पात्याची मूठ पिळत त्याच्या पट्ट्या काढायच्या. फाट एका बाजूला सरकू लागली तर जाड बाजूवर दाब द्यायचा, म्हणजे फाट पुन्हा मधोमध येते. मग दोन मुठींच्या सुरीने अंगाकडे ओढत तासायचं. हे काम ओल्या लाकडावरच होतं. सुकलेला ओक याच हत्यारांना दाद देत नाही.

ओलं, सुकं आणि सांधा

लाकूड सुकताना तीन दिशांना तीन वेगळ्या मापांनी आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीच्या दिशेने थोडं. वाढीच्या वर्तुळाच्या बाजूने त्याच्या साधारण दुप्पट. कडक मेपलचे आकडे घ्या: पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळाच्या दिशेने ९.९ टक्के, गाभा-साल दिशेने ४.८ टक्के. घरातलं लाकूड पूर्ण कोरडं कधीच होत नाही, म्हणून प्रत्यक्षात याच्या सुमारे तीन चतुर्थांश धरावं. म्हणजे ओलेपणी ४५ मिमी व्यासाचा कातलेला पाय सुकल्यावर एका दिशेला ३ मिमीच्या वर आणि दुसऱ्या दिशेला दीड मिमीच्या आसपास बारीक होतो. कातला गोल, झाला लंबगोल.

जुने कारागीर याचाच फायदा घेत. पायात भोक पाडताना पायाचं लाकूड अजून थोडं ओलसर असे, आणि त्यात बसणाऱ्या दांड्याचं टोक चुलीजवळ खडखडीत वाळवलेलं असे. ठोकल्यानंतर दोन्ही बाजूंनी काम सुरू होतं. कोरडं टोक हवेतला ओलावा घेऊन फुगतं आणि ओलसर पाय सुकत आकसतो. सांधा आपोआप आवळला जातो. हिशेब उलटा झाला, म्हणजे टोक ओलं आणि पाय सुका राहिला, तर एका हिवाळ्यात दांडा भोकात खुळखुळू लागतो. उलट पाय फारच ओला असला तर आकसताना तो भोकाजवळ उभा चिरतो. म्हणून ‘ओलं लाकूड वापरा’ एवढं सांगून भागत नाही. किती ओलं हे हाताला कळावं लागतं.

पाय आणि बैठकीचा सांधा वेगळ्या तऱ्हेचा. भोक आधी गिरमिटाने सरळ पाडायचं, मग निमुळत्या हत्याराने घासून वर अरुंद, खाली रुंद करायचं. पायाचं टोकही तसंच निमुळतं. त्यामुळे माणूस बसला की पाय भोकात अधिक रुततो, वजनच सांधा घट्ट करतं. पाय आरपार वर आला की त्याच्या टोकाला चीर देऊन त्यात कडक लाकडाची पाचर मारायची. पाचरीची रेष बैठकीच्या तंतूंना आडवी हवी. तंतूंच्या दिशेने मारली तर पाचर बैठकच फाडते. ही चूक नवख्याच्या कामात हमखास दिसते. सगळ्याच खुर्च्यांत पाय आरपार नसतात, काहींत भोक आतच थांबतं.

पाय सरळ उभे नसून बाहेर फाकलेले असतात, मागचे पुढच्यांपेक्षा जास्त. हा कोन दोन दिशांचा असल्याने कागदावर गुंतागुंतीचा वाटतो. प्रत्यक्षात कारागीर बैठकीवर एक रेष आखतो, त्या रेषेवर कोनमापी उभी करतो आणि गिरमिट तिच्याशी समांतर धरतो, म्हणजे एकाच कोनाकडे लक्ष द्यावं लागतं. खाली पायांना जोडणारे दांडे ‘एच’ आकाराचे: दोन बाजूंना, तिसरा मधोमध. आजचे जाणकार विंडसर-कारागीर हे दांडे मोजलेल्या अंतरापेक्षा किंचित, पाचेक मिमी लांब ठेवतात, म्हणजे ते पायांना बाहेर रेटत राहतात. वरून वजन आलं की निमुळते सांधे आणि हा रेटा मिळून चौकट ताणलेली राहते, दांडा सुटून येण्याचा प्रश्न कमी होतो.

कमान वाकवायची तर फाडलेली, ओलसर, गाठ नसलेली पट्टी घ्यावी लागते. ती वाफेच्या पेटीत ठेवतात, २५ मिमी जाडीला साधारण एक तास हा अंदाज. तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन उष्णतेने मऊ होतं. पेटीतून काढल्यापासून साच्यावर बसवेपर्यंत मिनिटही हातात नसतं, पट्टी झपाट्याने थंड होते. वाकताना आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. तापलेलं लाकूड दबायला पुष्कळ तयार असतं, ताणायला फारसं नाही, म्हणून फुटते ती बाहेरची बाजू, आणि तीही जिथे तंतू कापला गेलाय तिथेच. भट्टीत सुकवलेलं लाकूड यासाठी बाद. वाकवलेली पट्टी साच्यावर तशीच बांधून काही दिवस सुकू द्यायची.

कमानीच्या आकारावरून विंडसरची उपनावं पडली. वर फणीसारखी पट्टी ती कोंब-बॅक, हातांच्या आडव्या कमानीवर दुसरी उभी कमान ती सॅक-बॅक, एकच उभी कमान थेट बैठकीत उतरलेली ती बो-बॅक, आणि एकच पट्टी पाठीवरून वळून पुढे हात होणारी ती कंटिन्युअस-आर्म, न्यूयॉर्कच्या कारागिरांची खासियत. शेवटची वाकवायला सर्वांत अवघड, कारण तिथे लाकूड एकाच वेळी दोन प्रतलांत वळतं. हात जिथे पाठीला मिळतो ते वळण तिचं सर्वांत दुबळं ठिकाण. जुनी कंटिन्युअस-आर्म पाहताना बोट तिथेच आधी फिरवावं, चीर किंवा जुनी दुरुस्ती हमखास तिथे सापडते.

इतकी वेगवेगळी लाकडं एका खुर्चीत दिसली तर ती विजोड वाटणार, म्हणून विंडसर पहिल्यापासून रंगवलेली असे. सुरुवातीचा रंग हिरवा, तांब्याच्या गंजापासून केलेला जंगाल जवसाच्या तेलात खलून. तो काळाबरोबर गडद होत जवळजवळ काळा पडतो. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे पिवळा, काळा, लाल, पांढरा असे रंग आले आणि पायांवर सुरईऐवजी बांबूच्या पेरांसारखं कातकाम रुळलं. विसाव्या शतकात ‘लाकूड दिसलं पाहिजे’ या हौसेपायी हजारो खुर्च्यांचा रंग खरवडला गेला. हे मोठं नुकसान झालं. मूळ रंग म्हणजे खुर्चीचा दाखलाच असतो, आणि तो शाबूत असलेल्या खुर्चीची किंमत खरवडलेलीच्या कितीतरी पट असते.

अस्सल की नक्कल

फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, बॉस्टन या पट्ट्यात पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात, आणि इस्टेट सेलमध्ये, म्हणजे एखाद्या घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे, अशा खुर्च्या नेहमी समोर येतात. खरेदीआधी एक कॅलिपर, एक टॉर्च आणि दहा मिनिटं पुरतात.

पायाच्या जाड भागावर कॅलिपर लावून एक माप घ्या, मग नव्वद अंश फिरवून दुसरं. जुन्या कातीव पायात अर्धा ते दीड मिमी फरक मिळायला हवा. दोन्ही मापं तंतोतंत सारखी असतील तर तो पाय पूर्ण सुकलेल्या लाकडातून कातलेला आहे, बहुधा अलीकडचा. चारही पाय मोजा, एखादाच नंतर बदललेला असू शकतो.

पाय आरपार असतील तर बैठकीच्या वरच्या बाजूला त्यांची टोकं बोटाने चाचपा. बैठक जाडीत आकसते, पाय लांबीत आकसत नाही. म्हणून जुन्या खुर्चीत टोक किंचित वर आलेलं जाणवतं.

आता उलटी करा. खालच्या बाजूला रंध्याच्या किंवा वाकसाच्या सरळ, थोड्या ओबडधोबड खुणा असाव्यात. गोल करवतीच्या वळणदार रेघा दिसल्या आणि विक्रेता १७८० सांगत असला तर शंका घ्या, त्या करवती एकोणिसाव्या शतकात रुळल्या. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या अखेरीनंतरचे, तारेचे गोल खिळे त्याहूनही उशिराचे. दोन्ही नंतरच्या दुरुस्तीचे असू शकतात, त्यामुळे त्यांच्यावरून खुर्ची नवी ठरत नाही, पण किंमत कमी करायला ते पुरेसे आहेत.

पाठीच्या दांड्यांवर डोळे मिटून बोटं फिरवा. हाताने तासलेल्या दांडीवर बारीक पैलू लागतात आणि दोन दांड्या कधीच हुबेहूब सारख्या नसतात. झीज कुठे आहे ते पाहा. पायांमधल्या आडव्या दांड्यांवर टाचा टेकतात, हातांच्या टोकांवर तळवे फिरतात, पायांची टोकं मागे जास्त घासतात कारण माणसं मागे झुकतात. सगळीकडे सारखी झीज असेल तर ती सँडपेपरने केलेली आहे.

उंची मोजा. बैठक जमिनीपासून साधारण ४३ ते ४६ सेंमी हवी. ३८-४० भरली तर पाय झिजलेत किंवा कापलेत. कापलेल्या पायांना खालून जोड दिलेला असेल तर तो बरेचदा कातकामाच्या एखाद्या खाचेत लपवतात, तिथे लाकडाची रेषा वर-खाली जुळते का ते पाहा. साध्या खुर्चीला नंतर झुलत्या पट्ट्या लावून रॉकिंग चेअर केलेलीही खूप आढळते.

नावाचा डाग असला तरी एवढ्यावर समाधान मानू नये. वॉलेस नटिंगने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॅसॅच्युसेट्समध्ये विंडसरच्या उत्तम प्रतिकृती बनवून आपल्या खुणेसह राजरोस विकल्या. त्यांवरची खूण काढून त्या अठराव्या शतकातल्या म्हणून पुढे खपवल्या गेल्याची उदाहरणं आहेत.

भोकाचा तळ काय सांगतो याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण विंडसरचं नाही, ब्रूस्टर खुर्चीचं आहे. ऱ्होड आयलंडचा शिल्पकार आर्मंड लामाँटेन याने १९६९ मध्ये तशी एक खुर्ची घडवली, मुद्दाम जुनाट केली आणि बाजारात सोडली. मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती ९,००० डॉलरला सतराव्या शतकातली म्हणून घेतली. १९७७ मध्ये लामाँटेनने सत्य सांगितलं. पुरावा त्याने आधीच आत ठेवला होता: भोकं त्याने आधुनिक ड्रिल-बिटने पाडली होती. जुन्या चमचाकृती बिटने पाडलेल्या भोकाचा तळ गोलसर असतो, आधुनिक बिटचा टोकदार. एक्स-रेमध्ये हा फरक स्पष्ट दिसला. संग्रहालयाने ती खुर्ची फेकून दिली नाही, शिकवण्यासाठी ठेवली. हे त्यांनी फार चांगलं केलं.

सांधा ढिला झाला तर

ढिला होण्याचं कारण ओलाव्याचे फेरे. दमट हवेत टोक फुगतं, पण भोक त्याला वाढू देत नाही, म्हणून त्याचे तंतू आत दबून कायमचे चेपतात. हवा कोरडी झाली की ते आधीपेक्षाही बारीक होतं. दर वर्षी थोडं थोडं असं होत राहतं.

खिळा किंवा स्क्रू अजिबात मारू नका. खिळ्यापाशी पाय उभा चिरतो आणि मग साधी दुरुस्ती मोठी होते. इपॉक्सीही नको, पुढच्या माणसाला तो सांधा उघडता येणार नाही. या खुर्च्यांना सरसच योग्य, कारण तो ऊब आणि पाण्याने पुन्हा सुटतो.

आधी प्रत्येक भागावर कागदी टेपने क्रमांक आणि दिशा लिहा. जो सांधा खरोखर हलतो तोच उघडा, घट्ट असलेल्यांना हात लावू नका. आडव्या दांड्याजवळ पाय धरून रबरी हातोडीने हलके ठोके द्या. जुना सरस कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढा. टोक सँडपेपरने घासू नका, ते आधीच बारीक आहे. फट जास्त असेल तर रंध्याखालून निघालेला त्याच जातीच्या लाकडाचा पातळ पापुद्रा सरस लावून टोकाभोवती गुंडाळा, सुकू द्या, मग बसवून पाहा. सरस दुहेरी भांड्यात ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम करा. उकळला तर त्याची पकड जाते. दोन्ही बाजूंना लावून जोडा, पायांभोवती दोरी गुंडाळून काडीने पिळ द्या, खुर्ची सपाट जमिनीवर ठेवून चारही पाय टेकतात का पाहा आणि २४ तास हलवू नका.

जुन्या रंगात शिसं असणार हे धरूनच चाला. अमेरिकेत घरगुती रंगात त्यावर बंदी १९७८ मध्ये आली. कोरडं घासणं, हीट गन मारणं टाळा. घरात रांगतं मूल असेल आणि रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर खुर्ची त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. रोजच्या निगेला मऊ कोरडं फडकं आणि वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात पुरे. तेल लावू नका, ते रंगाच्या भेगांत मुरून काळं पडतं.

हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घरातली हवा खूप कोरडी होते, आणि ४५ सेंमी रुंद पाइनची फळी उन्हाळा-हिवाळ्यात पाच-सहा मिमी सहज कमीजास्त होते. म्हणून रेडिएटर किंवा गरम हवेच्या झरोक्याजवळ ही खुर्ची ठेवू नये, बैठक तंतूंच्या दिशेने उभी फुटते. कुणी ती मुंबई-कोकणात आणणार असेल तर उलटा त्रास होतो: पावसाळ्यात सगळे सांधे फुगून गच्च बसतात, खुर्ची एकदम दणकट वाटते, आणि पुढच्या कोरड्या महिन्यांत, किंवा एसीच्या खोलीत नेल्यावर, तेच चेपलेले सांधे एकेक करून हलू लागतात. अशा खुर्चीची दुरुस्ती पावसाळ्यात करू नये. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर कुठला सांधा खरंच ढिला आहे ते पाहून मगच सरस तापवावा.